सरूबाईकडे राहिलेली बॅग

"बॅग बेवारस न्हाई साहेब! तिचा मालक वर गडावर हाय."

"इथं आहे का तो? नाही ना? मग बेवारसच."

"अवं पण मी तुमाला माणूस शोधायला बोलवलं. तुमी बॅगंभवती दोरी बांधून बसलाय!"

"मावशी, मागं व्हा. फुटली तर पिठल्यासकट वर जाल."

फौजदार स्वतःच्याच विनोदावर हसला. साहेब हसले म्हणून दोन्ही शिपाईही हसले. सरूबाई पदराला हात पुसत तिथंच उभी राहिली. हात कोरडेच होते, तरी पुसत होती.

लोहगडवाडीत गडाच्या पायऱ्या सुरू होतात तिथं निळ्या ताडपत्रीखाली तिचं दुकान. लिंबू सरबत, मीठ-मसाला लावलेली काकडी, सांगितलं तर पिठलं-भाकरी. हे सगळं शेजारच्या दुकानांतही मिळायचं. सरूबाईची खरी ओळख वेगळी होती: बॅगा. गड चढणारे ओझं तिच्याकडे टाकून जायचे. बावीस वर्षं झाली, चिठ्ठी नाही, बिल्ला नाही. तोंड आणि बॅग यांची जोडी तिच्या डोक्यात पक्की बसायची. "ए चष्मेवाल्या, ती कुटं उचलतोस? तुझा बंद तुटलेला हाय, कोपऱ्यात बघ," असं चाळीस बॅगांतून ओरडून सांगायची.

आणि वाडीचा एक रिवाज होता. दुपारी चारनंतर बॅग उरली, की वर माणूस अडकलाय असं धरायचं. कोणी कोणाला विचारत बसत नसे. सरूबाई हाळी द्यायची, तिचा नवरा गोरख खांद्यावर दोर टाकायचा आणि दोन-तीन गडी घेऊन वर निघायचा. अकरा जणांना त्यानं खाली आणलं होतं. नऊ जिवंत.

मग त्या वर्षी लांबच्या एका राज्यात सहलीला आलेल्या माणसांवर अतिरेक्यांनी गोळ्या झाडल्या. टीव्हीवर आठ दिवस तेच. वरून हुकूम सुटले, जिथं जिथं लोक फिरायला जातात तिथं बंदोबस्त. लोहगडवाडीच्या शाळेत बैठक भरली. फौजदारानं भिंतीवर फोटो दाखवला, तो सरूबाईच्याच दुकानाचा निघाला.

"हे काय आहे? चाळीस बॅगा, एकीवरही नाव-पत्ता नाही. अतिरेक्याला आणखी काय पाहिजे? आयतं कोठार!"

सगळी वाडी मागं वळून तिच्याकडं बघायला लागली. कुणीतरी म्हणालंसुद्धा, "सरूबाई, तू तर फेमस झालीस की!"

"यापुढं बॅग उरली, तर हात लावायचा नाही," फौजदारानं फळ्यावर स्वतःचा मोबाईल नंबर लिहिला. "आधी मला फोन. नाही केला, तर दुकान उठलंच समजा. जागेचा कागद तरी आहे का तुमच्याकडे?"

कागद नव्हता. वाडीत कुणाकडेच नव्हता.

त्यानंतरचा तिसरा मंगळवार. सकाळी सातला एक पोरगा आला, प्रितम नावाचा. तळेगावात कंपनीत कामाला, एकटाच. बॅग ठेवली, आणि फोनही बॅगेतच टाकला.

"फोन ने की बाबा, फोटू काढायला."

"नको मावशी. सुपरवायझर सुट्टीच्या दिवशीपण बोलावतो. दोनपर्यंत येतो, पिठलं-भाकरी ठेवा. मिरची जास्त."

दोन वाजले, तीन वाजले. चार वाजता गोरखनं दोर उचलला.

"थांबा वाईच," सरूबाई म्हणाली. "आधी फोन करते."

"अगं, आधी माणूस बघू."

"दुकान उठवत्याल, मग खायचं काय? अर्ध्या तासात येतील ते. त्यांचे गडीबी येतील संगं, लवकर सापडंल."

गोरखनं दोर खाली ठेवला. फोनवर तिनं दोन्ही गोष्टी सांगितल्या. बॅग उरलीय, आणि माणूस वर हाय. फौजदार खरंच अर्ध्या तासात आला. आल्या आल्या त्यानं दुकानं रिकामी केली, पायऱ्यांपर्यंत दोरी ताणली आणि बॉम्ब शोधणाऱ्या पथकाला पुण्याहून बोलावलं. पथक येईपर्यंत कोणी वर जायचं नाही, कोणी खाली यायचं नाही.

तेवढ्यात बॅग वाजायला लागली.

"खाली बसा! सगळे खाली!" फौजदार स्वतः जीपमागं गेला. "टायमर असेल!"

"टायमर कसला," सरूबाई ओरडली, "फोन हाय त्यो! त्याच्या घरनं करत असतील!"

बॅग थांबली. पुन्हा वाजली. पाच वाजेपर्यंत सतरा वेळा. तिनं मोजलं नव्हतं. कुणीतरी मोठ्यानं मोजत होतं, आणि अकराच्या पुढं पोरं हसायला लागली होती.

गोरख मागच्या झाडीतून निघाला. शंभर पावलंही गेला नसेल, शिपायांनी धरून आणला.

"काय आबा, त्याचा साथीदार आहात काय?"

"साहेब, अंधार पडायच्या आत गेलं पायजे. विंचूकाट्याच्या माचीकडं गेला आसंल. तितं पाय घसरतो."

"बॅग टाकून पळालेला माणूस तो, तुम्ही त्याला शोधायला निघालात. कोर्टात काय दिसेल हे? एक शब्द बोललात तर आत टाकीन. वर्षभर जामीन नाही मिळायचा."

गोरखला जीपमध्ये बसवलं. दोर जप्त केला.

सातला पथक आलं. त्यांनी बॅग उघडली नाही, रस्त्यावर ओढून लांबून उडवली. धुरळा बसल्यावर डांबरावर एक चेपलेला डबा, अर्धा टॉवेल आणि फोनच्या काचा पडलेल्या होत्या. "क्लिअर," पथकातला माणूस म्हणाला. फौजदारानं घड्याळ बघितलं. "आता काळोख झाला. शोध सकाळी."

सकाळी गोरखला सोडून शोधायला सोबत नेलं. प्रितम विंचूकाट्याच्या खाली एका खबदाडीत सापडला. मांडी मोडलेली. शर्ट फाडून त्यानं ती स्वतःच बांधली होती, चांगली घट्ट बांधली होती. गोरखनं पोराच्या छातीवर हात ठेवला आणि बराच वेळ काढला नाही. अंगात अजून ऊब होती.

तपासणाऱ्या डॉक्टरांनी लिहिलं: मृत्यू पहाटे चारच्या सुमारास.

पोराची आई अनिता अर्ज घेऊन महिनाभर हिंडली, तेव्हा कुठं चौकशी लागली. सुनावणीच्या आदल्या दिवशी फौजदार दुकानात आला, काकडी खाल्ली.

"मावशी, तुम्ही फोनवर बॅगेचंच सांगितलंत. माणसाचं नाही. बरोबर?"

"मी दोनी सांगितलं."

"आठवून बघा. वाडीतली सगळी दुकानं उठवायची यादी माझ्या टेबलावर आहे. तुमचं नाव पहिलं आहे. ते मला खोडता येतं." त्यानं बी थुंकलं. "दक्ष महिला म्हणून तुमचा सत्कारही करू. शाल, श्रीफळ."

वडगावातल्या त्या खोलीत पंखा जोरात फिरत होता. चौकशी अधिकारी टेबलामागं, फौजदार भिंतीला. अनिता समोरच्या खुर्चीत, मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत चेपलेला डबा.

"सरूबाई, वर माणूस आहे हे तुम्ही पोलिसांना फोनवर सांगितलं होतं का?"

सरूबाईनं आधी फौजदाराकडं पाहिलं. मग त्या बाईकडं पाहणं तिनं टाळलं.

"न्हाई."

"नक्की?"

"बॅगंचंच सांगितलं. माणसाचं मला ठावंच नव्हतं."

"खोटं बोलताय तुम्ही!" अनिता उठली. "पिठलं सांगून गेला होता तो तुम्हाला! तुमच्या शेजारच्या बाईनं सांगितलंय मला!"

"बाई, खाली बसा," अधिकारी म्हणाला. लिहिणाऱ्यानं लिहिलं. सरूबाईनं सही केली. आद्याक्षर जरा मोठं आलं, बाकीचं नाव दाटीवाटीनं बसवावं लागलं.

"आबा, आता तुम्ही. फोन झाला तेव्हा तुम्ही शेजारीच होता. बायको काय बोलली, ते ऐकलंत ना?"

गोरख उभा राहिला. सरूबाईनं त्याची बाही धरली, हळूच, टेबलाखालून. "सांगा की," ती कुजबुजली. "न्हाई म्हणा. एवढंच म्हणायचं हाय."

"आबा?" अनिता म्हणाली. "तुम्ही तरी सांगा."

"आबा, उत्तर द्या. लिहून घ्यायचंय."

गोरखनं बाही सोडवून घेतली. बाकावरची टोपी उचलली, झटकली, डोक्यावर घातली. दाराशी त्याच्या चपला होत्या. त्या पायात न घालता हातातच घेऊन तो बाहेर चालता झाला.