समुद्राला मी 'नको' म्हणालो

माझ्या आठवणीवर फार विसंबू नका. बाहत्तर साल होतं की त्र्याहत्तर, हेही मला छातीठोकपणे सांगता येत नाही. दुष्काळ होता आणि आम्ही नगरजवळ भिंगारला राहत होतो, एवढं नक्की. पण त्या दिवशी मी जो घोळ घातला, तो मात्र अगदी स्वच्छ आठवतो. असल्याच गोष्टी बऱ्या लक्षात राहतात, नाही?

मी नगरला राज्यशास्त्र शिकवायचो. माझा प्रबंध होता एका थंड समुद्राच्या काठच्या देशांनी मिळून काढलेल्या संघटनेवर. मासे कोणी किती धरायचे, पाण्यात घाण कोणी टाकायची नाही, हे ते देश एका टेबलाभोवती बसून ठरवायचे. मी डॉक्टर झालो, पण तो समुद्र काही पाहिला नाही. तो सोडाच, मुंबईचाही नाही! नकाशावर बोट फिरवून फिरवून तिथला निळा रंग उडाला होता.

आणि त्या संघटनेचे एक साहेब पाण्याचे जाणकार म्हणून दुष्काळी कामं बघायला चक्क नगरला आले! मी त्यांना घरी जेवायला बोलावलं. त्यांच्या कचेरीत दरवर्षी बाहेरच्या एका अभ्यासकाला वर्षभर ठेवून घेतात, हे मला ठाऊक होतं. पण अर्ज करून 'मला न्या' असं आपल्या तोंडाने कसं म्हणायचं? त्यांनी विचारलं तर गोष्ट वेगळी.

आमची ही तिसगावची. तिच्या आग्रहापुढे साहेबांचं इंग्रजी काय टिकणार?

"घ्या वो भाऊ! एका भाकरीनं काय हुतंय? दुष्काळ शेतात हाय, ताटात न्हाई!"

"यांना सांगा, माझं पोट भरलं," साहेब मला काकुळतीने म्हणाले.

मी सांगितलं. "लाजत्यात ते," म्हणत हिने आणखी एक वाढली.

शेवटी घाम पुसत साहेबांनी विचारलं, "डॉक्टर, तुमच्याकडे 'नाही' म्हणजे खरोखर 'नाही' कधी होतं?"

मला काय, व्याख्यानच हवं होतं! "पहिला नकार म्हणजे सभ्यता. दुसराही सभ्यताच. पाहुण्याने हात आडवा धरला, की तो खरा नकार. मग कोणी विचारत नाही."

साहेबांनी लगेच ताटावर हात धरला आणि सुटले. हुशार माणूस!

मग चहा आला. कप हातात घेऊन साहेब म्हणाले, "पुढच्या वर्षी आमच्याकडे येऊन राहाल?"

याच प्रश्नाची तर मी वाट पाहत होतो. आणि तोंडातून काय निघावं? "छे छे, मी कसला! तुम्हाला उगाच त्रास."

साहेब हसले. "मनापासून विचारतोय. तुमची खोली समुद्रासमोर असेल."

"नको हो, माझ्याहून लायक कितीतरी आहेत."

आता तिसऱ्यांदा विचारलं, की 'बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर...' वाक्य जिभेवर तयार होतं. साहेबांनी तोंड उघडलं. तेवढ्यात ही किटली घेऊन आली. "घ्या की अजून घोटभर."

मला पित्ताचा त्रास. मी कपावर हात आडवा धरला.

साहेबांनी तोंड मिटलं. "समजलो," एवढंच हळू म्हणाले आणि विहिरींची चौकशी करू लागले.

त्यांची जीप दिसेनाशी झाली, तरी मी फाटकात उभाच.

"काय म्हनत हुते?" हिने विचारलं.

"समुद्राकाठी राहायला चला म्हणत होते."

"मग?"

"मी नको म्हणालो."

"अगं बाई! आन् मनात हुतं?"

"फार."

"मग अजून एक डाव इचारायला काय झालतं त्यांना? कसली म्हनायची ही मानसं!"

पुढे कित्येक वर्षांनी पुण्यात एका परिसंवादात त्या कचेरीतले एक गृहस्थ भेटले. सहज विचारतोय असं दाखवून मी विचारलं, दुष्काळाच्या पुढच्या साली ती अभ्यासकाची जागा कोणाला मिळाली हो? परत गेल्यावर कागद पाहून त्यांनी कळवलं, कोणालाच नाही. त्या वर्षी एकही अर्ज आला नव्हता.