मला टबात बसवलं

"बस रे आत. बस म्हणतो ना!"

बंगल्याच्या मालकाचा थोरला मुलगा टबाच्या कडेवर पाय देऊन उभा. हातात मोबाईल. मागं त्याचे मित्र. मी टबाशेजारच्या भिंतीला टाइल बसवत होतो. म्हणालो, "कापडं सिमेंटची हायेत, साहेब. टब खराब व्हईल."

"खराब झाला तर नवा आणू. भिंतीला टाइल कुठवर घ्यायची ते बघायचंय. बस."

मी बसलो.

त्यानं कामाच्या पाण्याची नळी उचलली आणि माझ्या डोक्यावर सोडली. ऐन थंडीचे दिवस. "महाराज आंघोळीला बसले!" सगळे हसले. एक मित्र म्हणाला, "आता टब गोमूत्रानं धुवावा लागंल." त्यावर तर हसून हसून खाली बसले.

मीही हसलो. दात काढून हसलो.

दारात माझी बायको सिमेंटचा माल कालवलेलं घमेलं घेऊन उभी होती. ती माझ्यासोबतच कामाला असते. ती हसली नाही.

आम्ही बौद्ध. शिर्डीच्या हॉटेलांत टबाच्या भिंती करून माझा हात बसलेला, म्हणून कोपरगावकडच्या या बागायतदारानं ठेकेदारामार्फत मला बोलावलं. कालव्याकाठी नवा बंगला, चहूबाजूंनी ऊस. पहिल्याच दिवशी मालकाच्या आईनं आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवसापासून आम्हा दोघांना चहा कागदी कपात. वायरमनला कपबशी. मी मनाशी म्हणायचो, कागदी कप काय, स्वच्छच असतो. असं स्वतःला समजवायची लई सवय लागली होती.

घरी निघालो. ओल्या कपड्यांनी मोटरसायकल चालवत होतो, दातावर दात आपटत होते. कालव्याच्या पुलावर ती मागून म्हणाली,

"तुमी का हसलात?"

"मग काय रडू? काम हाय आपलं तिथं."

"पानी त्यांनी टाकलं. हसलात तुमी तुमच्या मनानं."

मला राग आला. त्यांचा नाही, तिचा. तिला पुलावरच उतरवून द्यावं असं वाटलं. ज्यांनी भिजवलं त्यांना साहेब, आणि हिच्यावर डोळे वटारतोय. ते ध्यानात आलं आणि आतून कापल्यासारखं झालं.

संध्याकाळी त्या पोरानं मोबाईलवर काढलेला व्हिडिओ गावाच्या ग्रुपवर आला. खाली लिहिलेलं, 'शाही स्नान'. वस्तीत सगळ्यांनी बघितला. मी दिसलो की माणसं मान खाली घालायची. ते जास्त लागलं.

सकाळी बंगल्यावर गेलो. मालक ओट्यावर बसलेला. म्हणालो, "व्हिडिओ काढायला लावा. आन पोरानं त्याच ग्रुपवर माफी मागावी."

"पोरं हायेत, गंमत केली. तुझ्या अंगाला काय भोकं पडली का? जा, राहिलेली भिंत उरकून घे."

मी आत गेलो. कटर, थापी, ओळंबा पिशवीत भरला. बायकोनं घमेलं धुऊन घेतलं. बाहेर येऊन म्हणालो,

"भिंत न्हाई व्हनार. मी पोलीस ठाण्यात चाललोय."

त्यात 'साहेब' नव्हतं. ते त्यालाही कळलं. तो उठून उभा राहिला. "जा की. व्हिडिओत तूच दात काढतोयस. कोन ऐकंल तुझं?"

ठाण्यात हवालदारानं व्हिडिओ बघितला. पुन्हा लावला. "अरे, तू तर हसतोयस."

परत फिरावंसं वाटलं. मग बोललो, "भ्यालो म्हनून हसलो. तसंच लिहा."

"साक्षीदार कोन?"

"मी," बायको पुढं झाली. "दारात हुते. गोमूत्राचं बोलनं माझ्या कानांनी ऐकलंय. तेबी लिहा."

त्यानं बाकड्यावर बसायला सांगितलं. बसलो. दुपार कलली तरी बसलोच. वस्तीतली माणसं एकेक करून येऊन मागं उभी राहिली. काल मान खाली घालणारीच. मग फिर्याद लिहिली गेली.

तेव्हापासून या भागात मला काम नाही. ठेकेदार फोन उचलत नाही. बंगलेवाल्यांनी एकमेकांना सांगितलंय, तो केस करतो. आता आम्ही पहाटेची एसटी धरून नगरला जातो. भिंगारकडं मिळेल ते काम करतो. बायकोचे हात सिमेंटनं फुटलेत.

परवा ठेकेदार घरी आला. म्हणाला, "मालक शाल-नारळ द्यायला तयार हाय. मिटवून टाक. पोराचं आयुष्य हाय."

बायको चुलीपासून उठली नाही.

मी म्हणालो, "मलाबी आयुष्य हाय. मिटवनार न्हाई."

"उपाशी मरशील."

"तरीबी."

तो गेला. पुन्हा येईल, आणखी कुणाला घेऊन येईल. वस्तीतलीच चार माणसं फोडून आणतील, तेही मला माहीत आहे. येऊ द्या. फिर्याद माझी आहे. कोर्टात मी उभा राहणार आणि जे झालं ते त्या पोराच्या तोंडावर सांगणार.