हँडलवरचा शर्ट

आमच्या वडगाव रासाईच्या शिवारात भीमेच्या काठाला एक डीपी होती. डीपी म्हणजे दोन खांबांमध्ये बसवलेला ट्रान्सफॉर्मर आणि त्याखाली फ्यूजची लोखंडी पेटी. वीसेक मोटरी तिच्यावर चालायच्या. ती दिवसभर गुणगुणायची. लहानपणी मला वाटायचं, आत कुणीतरी बसलंय आणि तोंड मिटून काहीतरी पुटपुटतंय. तो आवाज मला कधीच आवडला नाही, आणि पुढे जे झालं त्यानंतर तर मी त्या बाजूच्या वावरात पाऊलसुद्धा टाकलं नाही.

फ्यूज उडाला की वायरमनची वाट बघत बसायची सोय नव्हती. तो चार-चार दिवस फिरकायचा नाही आणि इकडे शेवंती माना टाकायची. मग सगळे आमच्या दारात यायचे, कारण आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फ्यूज घालता यायचा. कुणी शिकवलं नव्हतं. बघून बघून शिकले होते आणि भीती नावाची गोष्ट त्यांच्या अंगाला कधी चिकटली नव्हती.

लाइट बंद करायचं हँडल डीपीपासून दोन वावरं अलीकडे, गाडीवाटेच्या खांबावर होतं. मध्ये ऊस. उसामुळे हँडलापाशी उभं राहिलेल्याला डीपीवर कोण आहे ते दिसायचं नाही. म्हणून आप्पांनीच खूण ठरवली होती. हँडल खाली ओढायचं, अंगातला शर्ट काढून त्याच्यावर अडकवायचा आणि उघड्या अंगाने डीपीकडे जायचं. शर्ट दिसला की हँडलाला हात लावायचा नाही, हा सगळ्या शिवाराचा कायदा.

शर्टही साधा नव्हता. लालभडक, त्यावर तळहाताएवढी पिवळी फुलं. दौंडच्या बाजारातून आणला तेव्हा आई दोन दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. आप्पा म्हणाले, "आगं, शेवंतीत हारवलो तर घावलो पायजे का नको?"

असे होते ते. लग्नाच्या वरातीत नवरदेवाच्या आधी हे नाचणार. मयताच्या घरीसुद्धा तिसऱ्या दिवशी कुणाला तरी हसवून येणार, आणि त्या घरातली माणसं नंतर म्हणणार की बरं झालं आले. त्यांचे जिवलग मित्र म्हणजे आमच्या बांधाला बांध असलेले मामा. त्यांचे वडील मेंढरं राखायचे. मामांनी मात्र शेती धरली. नात्याने ते आमचे कुणी नव्हते, पण आम्ही त्यांना मामा म्हणायचो म्हणून आप्पा त्यांना भर चौकात "काय मेव्हणं!" अशी हाक मारायचे. मामा चिडायचे आणि चिडले की त्यांचे कान लाल व्हायचे. मामांना खोटं अजिबात बोलता यायचं नाही. बोलायला गेले की कान तसेच लाल व्हायचे आणि नजर आपोआप खाली जायची. आप्पा आणि मी त्यावरून त्यांना फार छळायचो.

मी बारावीत जाणार होते त्या उन्हाळ्यात आप्पांनी खुणेचीच गंमत केली. भर दुपारी हँडल ओढलं, शर्ट अडकवला आणि मामांच्या आंब्याखाली जाऊन बसले. सात-आठ जण कोरड्या पाइपांपाशी ताटकळत राहिले. काही जण आमच्या घरी विचारायला आले. मला आधीच पढवून ठेवलं होतं. मी अगदी साळसूद चेहऱ्याने सांगितलं, "डीपीवर गेल्यात." तासाभराने आप्पा उघड्या अंगाने कलिंगडाच्या फोडी घेऊन उसातून बाहेर आले. "बसा जरा. मोटरीला बी इसावा लागतो," म्हणत त्यांनी मामांकडे बघून एक डोळा मिटला. मामा चप्पल घेऊन त्यांच्या मागे पळाले. हसून हसून माझ्या पोटात दुखलं.

संध्याकाळी आई भाकरी थापत होती. ती हसली नव्हती. मान वर न करता म्हणाली, "दुसरी कशाचीबी गंमत करा. खुणेची करू नगा."

आप्पांनी ऐकलं नाही. पावसाळ्यात अजून दोनदा तोच खेळ झाला. दोन्ही वेळा "डीपीवर गेल्यात" हे मीच सांगितलं. दुसऱ्या वेळी कुणी फारसं हसलं नाही. एकाने तर शर्टाकडे बघून नुसती मान हलवली आणि तो तंबाखू मळत बसला. तेव्हा वाटलं, लोकांना गंमत कळत नाही.

दसऱ्याला आठ-दहा दिवस राहिले होते. मामांनी त्या वर्षी पहिल्यांदाच शेवंती लावली होती आणि कळ्या पाण्यावाचून करपायला लागल्या होत्या. सकाळपासून लाइट नव्हती. दुपारी आप्पा जेवले, बाजेवर आडवे झाले, वाकळ अंगावर ओढून घोरायला लागले. मी बाजेकडे पाठ करून खिडकीपाशी वही घेऊन बसले होते. थोड्या वेळाने खिडकीत मामा आले. घामाने डबडबलेले.

"बाय, हँडलावर शर्ट हाय. तुझा बाप डीपीवर हाय का पुन्हा त्योच धंदा?"

मी मागे वळून बाजेकडे पाहिलं. वाकळीचा उंचवटा दिसला. मी उठले नाही. हातातलं पेनही खाली ठेवलं नाही.

"झोपल्यात घरात. गंमत आसंल, मामा."

"ह्या माणसाला काय म्हणावं आता," असं म्हणत मामा निघून गेले.

वाकळीखाली नुसती उशी होती. फ्यूज उडाल्याचा निरोप मागच्या दाराने आला होता आणि मामांची शेवंती जाते म्हणून आप्पा झोपेतून उठून तसेच गेले होते. हे मला नंतर कळलं. आधी ऐकू आला तो शिवारातल्या मोटरी एकदम चालू झाल्याचा आवाज, आणि मग खुरपणाऱ्या बायकांचा ओरडा.

मी पळत गाडीवाटेला आले. शर्ट बोरीच्या कुंपणावर लटकत होता. मामांनी तो हँडलावरून काढून तिथे टाकला होता. का कोण जाणे, मी आधी तो शर्ट घेतला, घडी करून पोटाशी धरला आणि मग डीपीकडे धावले.

टेंपोतून त्यांना दौंडला नेलं. तिथे ते चार दिवस होते. दोन्ही हात भाजलेले, कोपरापर्यंत पट्ट्या बांधलेल्या, आणि फेकले जाऊन दगडावर पडल्यामुळे कमरेखाली काहीच हलत नव्हतं. दुसऱ्या दिवशी गावचे पाच-सहा जण भेटायला आले. त्यांच्यात माझे चुलते होते, आणि त्यांच्या डोळ्यांत सूड दिसत होता. खोलीच्या दारात मामा उभे होते. सगळ्यांदेखत ते म्हणाले, "हँडल म्या वर टाकलं. शर्ट..."

"शर्ट वाऱ्यानं पडला आसंल," आप्पा मध्येच बोलले. आवाज खरखरत होता. "सैल अडकावला व्हता म्या. खाली मातीत पडला, तर ह्याला कसं कळायचं?"

मामांनी तोंड उघडलं. आप्पांनी त्यांच्याकडे पाहून एक डोळा मिटला. तसाच, कलिंगडाच्या दिवशीसारखा. मामांनी मान खाली घातली आणि चुलते बाहेर जाऊन बसले.

चौथ्या दिवशी सकाळी आप्पा गेले. दहाव्याला आईने शर्टाची चौकशी केली, मी सापडला नाही म्हणाले. गावात ठरून गेलं की वाऱ्याने घात केला. मामांच्या घराशी कुणी वैर धरलं नाही. आमची शेती पुढे चार वर्षं मामांनीच पाहिली. माझ्या लग्नात मामाचा मान त्यांनीच घेतला. पण त्या दुपारच्या खिडकीबद्दल ते कुणाकडे चकार शब्द बोलले नाहीत. आणि मीही नाही. आप्पांना ते माहीत होतं का, मामांनी त्या चार दिवसांत त्यांना सांगितलं होतं का, हा प्रश्न घेऊन मी सासरी शिक्रापूरला नांदले. रस्त्यावरून ट्रक जायचे, घराच्या काचा थरथरायच्या, आणि मला डीपी ऐकू यायची.

दहा वर्षांनी माहेरी गेले तेव्हा मामा आजारी होते. तोवर प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला होता. हँडल वर टाकण्याआधी लोक फोन करायचे. मी त्यांच्या बाजेपाशी बसले आणि एकदाचं बोलून टाकलं.

"मामा, तुम्ही विचारायला आला होता. मी न उठता सांगितलं की घरात झोपलेत."

मामांनी माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"न्हाई बाय," ते म्हणाले. "तू म्हणलीस, जाऊन बघा एकदा. म्याच आळस केला. तुझ्या आप्पाला बी म्या तसंच सांगितलं व्हतं."

आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलताना त्यांची नजर खाली गेली नाही. कान मात्र लाल झाले होते.

मला ओरडून सांगायचं होतं की नाही, मी असं म्हणाले नव्हते. पण मी आप्पांची पोर. मी मान डोलावली आणि म्हणाले, "व्हय मामा. तसंच म्हणाले आसंन."

त्या वर्षीच्या पौषात मामाही गेले.

शर्ट माझ्याकडे आहे, कपाटात साड्यांच्या खाली. बाही बोरीच्या काट्याने थोडी फाटलीय. मी तो कधी धुतला नाही. त्याला मातीचा एक डागसुद्धा नाही.