मुकुटबनला मी मारलेली बोंब

वणीहून मोटर सुटली तेव्हा कापसाच्या दोन बोऱ्यांमध्ये मी तिसरी बोरी होऊन बसलो होतो. मुकुटबनला उतरलो तो अंगभर पांढरा. न्यायला आलेले माझे यजमान सीतारामभाऊ म्हणाले, "थांबा जी, पयले तुमाले वेचतो!"

दुपारी वांग्याच्या भाजीचा पहिलाच घास घेतला आणि मी तोंडावर हात धरून ओरडलो.

"याले बोंब नाही म्हनत जी," भाऊंनी गूळ पुढे केला आणि शिकवणीच सुरू केली. मजुरी अडली की मालकाच्या दारापुढं सगळ्यांनी मिळून मारायची, तुटक तुटक. होळीची हसत. रानडुक्कर शेतात शिरलं तर दोनदा. "अन् एकट्यानं लांबलचक मारली, तं आग! घरोघरी कापूस हाय. आयकली का हातातलं टाकून पानी घेऊन पयाचं (पळायचं)."

मी वहीत लिहिले : 'बोंब म्हणजे निषेध.' विद्वानासारखी वही मिटली आणि झोपलो.

दुसऱ्या दिवशी रविवार. वणीकडे जाणारी एकच मोटर. सोमवारी कचेरीत दिसला नाहीत तर पुन्हा दिसू नका, असे साहेबांनी बजावले होते. मोटर आली ती खच्चून भरलेली, आणि न थांबता पुढे गेली. माझी नोकरी धूळ उडवीत चालली होती. रस्त्यावर मी एकटा. मी उलटा हात तोंडावर ठेवला आणि छाती फुटेपर्यंत निषेध केला.

शेतांतून, घरांतून माणसे धावली. चाळीसएक तरी असतील. कुणाकडे घागर, कुणाकडे बादली. पुढे गेलेली मोटरही थांबली आणि ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन पळत आला.

"कोठी (कुठं) लागली?" एका म्हातारीने धापा टाकत विचारले.

"लागली नाही, आजी. मोटर थांबली नाही, म्हणून मी निषेध..."

"एकट्याचा?" तिने मला खालून वर पाहिले आणि घागर माझ्याच डोक्यावर रिकामी केली. "आनली तं हाय, वापस काहून (का) न्यू?"

ड्रायव्हर हसून हसून खाली बसला. मग म्हणाला, "चढा टपावर. वनीपर्यंत वाळते सारं."

सोमवारी मी शिंकत कचेरीत हजर झालो. नोकरी वाचली. हल्ली पुण्यात काही अडले की मी रीतसर अर्ज करतो, तीन प्रतींत. अजून एकही माणूस घागर घेऊन धावत आलेला नाही.