चार नंबरची खाट

ती दुपार माझ्या मनातून अजून गेलेली नाही. मी तेव्हा रायगडच्या किनाऱ्यावरील एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. जेवणाचा डबा उघडत असताना ठाणे अंमलदाराने फोन हाती दिला. काशीदकडचा एक नाखवा बोलत होता. त्याची आई खोकला आणि तापासाठी जवळच्या खाजगी रुग्णालयात दाखल होती. बोटीवरून उतरताच त्याला कळले की आई बेशुद्ध पडली आहे.

"साहेब, काल म्हातारीनं त्या शिकाऊ नर्सला चारचौघांत झापली व्हती. तिनंच डूख धरून टोचलंय."

स्टेशन डायरीत नोंद करून आम्ही निघालो. डॉक्टरांनी आजींची साखर तपासली, तेव्हा ती धोकादायक रीतीने खाली आली होती. घाईने दुसऱ्या खोलीत हलवून शिरेतून ग्लुकोज दिल्याने प्राण वाचले होते, परंतु ग्लानी उतरली नव्हती; जबाब उद्या सकाळी घ्यावा असे डॉक्टरांनी सांगितले. आजींना मधुमेह नव्हता. त्यांना इन्सुलिन टोचले गेले होते, आणि ते चार नंबरच्या खाटेवरील दुसऱ्या वृद्धेचे होते. नोंदवहीप्रमाणे आजींची खाट पाच नंबरची. दोन्ही खाटा समोरासमोर, प्रत्येकीच्या पायथ्याशी केसपेपर टांगलेला. कागद डोळ्यांसमोर असताना नर्स समोरच्या खाटेकडे कशी वळेल? नाखव्याचा संशय आम्हाला पटू लागला.

ती शिकाऊ मुलगी तळा गावची, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षातली. गुन्हा दाखल झाला असता तर तिचे शिक्षण तिथेच संपले असते. महिला शिपायाच्या उपस्थितीत माझ्या उपनिरीक्षकाने तिची चौकशी आरंभिली. तो हुशार होता आणि घाईत होता.

"काल आजी सगळ्यांसमोर बोलल्या, त्याचा राग होता ना?"

"हो."

"त्या रागात सुई दिलीस, होय ना?"

मुलगी रडत होती. "हो," म्हणाली.

उपनिरीक्षकाने माझ्याकडे पाहिले. त्याच्या लेखी कबुली झाली होती. मी त्याला थांबवले, मुलीला पाणी दिले आणि एवढेच म्हणालो, "बाळ, औषधाच्या कपाटापासून पुढे काय केलेस, ते क्रमाने सांग."

ती सांगू लागली आणि तिचा आवाज हळूहळू स्थिर झाला. डॉक्टरांचा आदेश वाचला. कुपीवरचे नाव तीनदा पाहिले : कपाटातून काढताना, भरताना, परत ठेवताना. मुदत पाहिली. इन्सुलिनचीच सिरिंज घेतली, मात्रा वरिष्ठ सिस्टरांना दाखवली. एखादा वेदपाठी पदे म्हणतो तशी ती म्हणत होती. एकही पायरी सुटली नाही.

"मग चार नंबरच्या खाटेपाशी गेले. केसपेपर पाहिला. काल रागावल्या त्याच आजी होत्या, पण त्यांचं नाव किंवा खाट मला ठाऊक नव्हती. आजींना त्यावरचं नाव घेऊन विचारलं, तुम्ही याच ना? त्या 'व्हय' म्हणाल्या."

"पाच नंबरच्या नव्हे?"

"चारच, सर. मी शपथ घेईन."

मघाशी दोन वेळा 'हो' म्हणणारी मुलगी या ठिकाणी मात्र तसूभर हलली नाही. मी अटकेचा विचार बाजूला ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळची संध्या आटोपून मी रुग्णालयात गेलो. आजी उशीला टेकून पेज पीत होत्या. मुलगा आणि सून जवळ होती. मला एक शंका होती, ती पडताळण्यासाठी मी विचारले, "आजी, तुमचे माहेर रेवसचे ना?"

"व्हय रं बाबा."

"साहेब, कुठलं रेवस?" नाखवा चकित झाला. "मायचं माहेर काशीदलाच हाय."

मी पुन्हा विचारले, "आजी, मी डॉक्टर, ओळखलेत ना?"

"व्हय तर," म्हणाल्या आणि माझ्या गणवेशाकडे पाहून त्यांनी हात जोडले.

ज्यांच्यापुढे आयुष्यभर मान लववली, त्या शिकलेल्या माणसांना नाही म्हणणे त्यांना ठाऊकच नव्हते. परंतु त्या चार नंबरवर आल्या कशा? मी वॉर्डात गेलो. खिडकीतून समुद्र दिसत होता, म्हणजे ती पश्चिम. पाच नंबरच्या खाटेची उशी उत्तरेला होती. तिच्यावर निजणाऱ्याचे पाय दक्षिणेला येत होते. आमच्या घरी देह ठेवल्यावरच माणसाला असे निजवतात.

मी सुनेला बाजूला बोलावले. "आईंना तुम्ही दक्षिणेकडे पाय करून निजू दिले असते का?"

तिने पदर तोंडाला लावला. "यमाच्या दिशेला पाय व्हतं, साहेब. काल सकाळी मीच त्यांना समोर निजवलं. ते कागद माणसाच्या नावचं हाय, हे मना ठाव न्हवतं. ह्यांना सांगू नका."

पाच नंबरवरची मधुमेही बाई ऐकत होती. तिने खुशीने खाट बदलली होती. "मना पंख्याखाली जागा मिलाली, मी कशाला नाय म्हणू? आन् मना कोनी इचारलंच न्हाय." ते खरे होते. आदल्या दिवशी आम्ही सगळ्यांचे जबाब घेतले, एक तिचा सोडून.

सुनेने अखेर नवऱ्याला स्वतःच सांगितले. तो तिच्याशेजारी येऊन बसला. मग म्हणाला, "माझ्या मायसाठीच केलंस ना." त्याने मुद्दाम टोचल्याचा आरोप लेखी मागे घेतला. वैद्यकीय अभिप्राय आल्यावर प्रकरण फौजदारी कारवाईविना मिटले. मुलीने मात्र आपल्या जबाबात स्वतःहून एक वाक्य घालायला लावले : "मी रुग्णाला नाव विचारले नाही, नाव सांगितले." संस्थेने तिला वॉर्डातले प्रशिक्षण पुन्हा करायला लावले, काढून टाकले नाही.

आजींना घरी सोडले त्या दिवशी मी तिथे होतो. मुलगी गोळी घेऊन आली. "आजी, तुमचं पूर्ण नाव सांगा."

"सुई टोचलीस तवा न्हाय इचारलंस, आता इचारतेस व्हय गो?" आजी हसल्या. मग त्यांनी आपले नाव, नवऱ्याचे नाव, गावाचे नाव सावकाश उच्चारले. मुलीने कागदाशी ते ताडून पाहिले आणि मगच गोळी त्यांच्या तळहातावर ठेवली.

पूजेच्या संकल्पात यजमानाने आपले गोत्र आणि नाव स्वतःच्या मुखाने उच्चारायचे असते. लहानपणी पाठशाळेत मी ते शिकलो होतो. त्याचा अर्थ मला त्या खाटेशेजारी उमगला.

आता रोज सकाळी जपाला बसतो, तेव्हा कधी कधी जुने जबाब डोळ्यांसमोर येतात. 'होय' म्हणालेली माणसे आठवतात. त्यांतले किती 'होय' त्यांचे होते आणि किती माझ्या प्रश्नात मीच आधी ठेवले होते, हे मला आज सांगता येत नाही. त्या मुलीला तिची चूक एका दुपारी कळली. मला माझी कळायला सारी नोकरी लागली.