बॅटरी मारू नोको

आमच्याकडे टॉर्चला बॅटरीच म्हणतात. आत सेल असोत नाहीतर ती चार्जिंगची असो, नाव बॅटरीच. आणि ती लावायची नसते, मारायची असते. "जरा बॅटरी मार वं इकडे," हे वाक्य आमच्या घरात चहापेक्षा जास्त वेळा होतं. कारंज्याच्या बाहेर आमचा भाजीचा मळा आहे, आणि भाजीवाल्याचा दिवस सूर्याची वाट बघत नाही. पहाटे मेथी आणि सांबार उपटायचा, जुड्या बांधायच्या आणि उजाडता उजाडता हर्रासाला, म्हणजे मंडईतल्या लिलावाला, पोचवायच्या. सांबार म्हणजे आमची कोथिंबीर. पुण्यामुंबईच्या लोकांना इडलीसोबतचं काहीतरी आठवतं, त्याला आम्ही काय करणार!

जुड्या बांधणं हे आमच्या ह्यांचं काम. उजव्या मुठीत काड्या गच्च धरायच्या, डाव्या हातानं सुतळीचा एक वेढा द्यायचा, की झाली जुडी. मंडईत त्यांची जुडी कुणी उघडून पाहत नसे. आत गवत नाही, पिवळं पान नाही, हे सगळ्यांना माहीत. बोलण्यात ते मुळचेच कमी. त्यांच्या वाटचं मी बोलते, आणि माझा राग नाकाच्या शेंड्यावरच असतो, हे मला दुसऱ्यानं सांगायची गरज नाही.

मागच्या हिवाळ्यात आमची जुनी बॅटरी बिघडली. तळहातावर आपटली की पेटायची, पुन्हा विझायची. नेमक्या त्याच वेळी शेजारच्या मळ्यातल्या माझ्या जाऊबाईंना त्यांच्या लेकानं नवी बॅटरी पाठवली. तिचा झोत त्यांच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, निघून पार आमच्या विहिरीपर्यंत यायचा. एका सकाळी जाऊबाई धुऱ्यावरूनच ओरडल्या, "काय वं, तुमच्याकडं काजवा फिरून राह्यला होता का आज?"

झालं! त्याच दिवशी ह्यांना घेऊन मी कारंज्याला बाजारात.

दुकानदार जैन. दिवस मावळायच्या आत जेवणारे, त्यामुळे आम्ही पोचलो तेव्हा त्यांचा एक डोळा गिऱ्हाइकावर आणि एक उन्हावर होता. दिवसाउजेडी बॅटरीची पारख काय होणार? म्हणून त्यांनी शटर अर्धं खाली ओढलं आणि मागच्या गोदामाच्या अंधारात एकेक बॅटरी मारून दाखवली. एक होती बुटकी, तिच्या अंगाला बाजूनं उजेडाची पट्टी. ती मारली की पायापाशी सगळीकडे सारखा मऊ उजेड पडायचा. दुसरी लांबुडकी, काळी, जड. तिचा झोत गोदामाच्या पार शेवटच्या पोत्यावर जाऊन आदळला आणि पोत्यावरची शिवणसुद्धा दिसली.

"वहिनी, ही लांब मारते, पण झोत बारीक हाय," शेठजी म्हणाले. "चालाले, भाजी तोडाले पट्टीवाली बरी. पाण्यात पडली तरी भेव नाही, चार्जिंग बी टिकते."

हे म्हणाले, "मले पायाजोळचं दिसलं पाह्यजे. अन् डोयात झोत आला का मले काहीच दिसत नाही."

खरं होतं ते. त्यांच्या डोळ्यांत कच्चा मोतीबिंदू आहे. समोरून गाडी आली तरी ते तोंड फिरवून उभे राहतात. आणि मी काय म्हणावं? "मंग डोये मिटून घ्या!" शेठजी हसले, हेही हसले. शेठजींना मी मेडशीला दिलेल्या लेकीचं कारण सांगितलं. एसटी उशिरा पोचते, तिचं घर रस्त्यापासून आत, शेतात. अनोळखी कुत्री असतात, लांबचं दिसायला नको का? प्रवासाला अशीच बॅटरी लागते. यात खोटं काही नव्हतं. फक्त त्या वेळी माझ्या डोक्यात लेक नव्हती, जाऊबाईंचं छप्पर होतं. लांबुडकी बॅटरी घेऊन आम्ही घरी आलो.

दिवेलागणीलाच मी ती त्या छपरावर मारली. जाऊबाई पदर सावरत बाहेर आल्या. "काहून वं, चोर आला का काय?" मला काय आनंद झाला म्हणून सांगू! हे ओट्यावर बसून पाहत होते. म्हणाले, "झालं समाधान?" झालं होतं ना. नाही कशाला म्हणू?

त्यानंतर थोड्याच दिवसांतली ती पहाट. आदल्या दिवशी भाजीला पाणी दिलेलं, त्यामुळे धुरा ओला होता आणि बाजूचा पाट भरलेला. मी सडकेवर ऑटोची वाट बघत उभी. हे जुड्यांचं टोपलं डोक्यावर घेऊन धुऱ्यावरून येत होते, जुन्या बॅटरीच्या मिणमिणत्या उजेडात. नवी माझ्याकडे होती. मी ती मारली. झोत थेट त्यांच्या तोंडावर गेला.

त्यांनी एक हात वर केला आणि ओरडले, "बॅटरी मारू नोको!"

आपल्या मराठीत 'नको' शेवटी येतो. अर्धं वाक्य ऐकलं तर उलटाच अर्थ निघतो, आणि ज्याला ऐकायचं नाही त्याची सोय होते. पण मी अर्धं ऐकलं नव्हतं. विहिरीवरची मोटार बंद होती, आजूबाजूला चिटपाखरू बोलत नव्हतं. 'नोको'सकट सगळं मला स्पष्ट ऐकू आलं. तरी मी बॅटरी हलवली नाही. कारलं चावल्यासारखं त्यांचं तोंड झालं होतं आणि मला त्याची गंमत वाटली. शिवाय वाटलं, पलीकडून जाऊबाईंना दिसू दे, आमची बॅटरी कुठवर जाते ते. मी हसायला लागले, मोठ्यानं. टोपलं खाली गेलं, हेही खाली गेले. मला वाटलं, रागानं बसले. म्हणून मी आणखी हसले. मग झोत जरा खाली आला आणि पाटाच्या पाण्यात जुड्या तरंगताना दिसल्या.

ह्यांच्या उजव्या मनगटाचे तुकडे झाले होते. अकोल्याला नेलं, ऑपरेशन झालं, आत स्टीलची पट्टी बसवली. दवाखान्यात सगळे गोळा झाले आणि जाऊबाईंनी विचारलं, "असं कसं झालं वं?"

माझी जीभ नेहमीप्रमाणे माझ्या आधी धावली. "मोटार सुरू होती ना. मले आयकू आलं, बॅटरी मार. नोको आयकूच नाही आलं."

सगळ्यांना पटलं. पटण्यासारखंच होतं ते, असं कुणाचंही होऊ शकतं. जाऊबाईंनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्यांच्या त्या हातानं मला चटका बसला. हे खाटेवर डोळे मिटून पडले होते. तसेच म्हणाले, "हो. लय आवाज करते मोटार."

तेव्हा मी खरं बोलायला हवं होतं. बोलले नाही. घरी परत आलो तर भासऱ्यांनी, म्हणजे जाऊबाईंच्या नवऱ्यानं, आमच्या मोटारीचं बेअरिंग स्वतःहून बदलून ठेवलेलं! पुन्हा असं व्हायला नको म्हणून. आता मोटार इतकी मुकाट चालते की तिच्याजवळ उभं राहायची मला लाज वाटते.

मी एकटीच कारंज्याला जाऊन ती पट्टीवाली बॅटरी आणली. शेठजींनी हात कसा आहे एवढंच विचारलं. चांगली आहे बॅटरी. बांधावर ठेवून दिली की चारही बाजूंना उजेड, डोळ्यांना त्रास नाही, पाण्याचा शिंतोडा उडाला तरी काही होत नाही. कुणाला घ्यायची असेल तर मी हीच घ्या म्हणेन. पण मी सांगितलेलं कुणी का ऐकावं?

प्लास्टर निघालं तेव्हा कळलं की बोटं मिटत नाहीत. डॉक्टरांनी दाबायला रबरी चेंडू दिला. मूठ पुन्हा वळेल का, असं मी विचारलं. "प्रयत्न करत राहा," म्हणाले. याचा अर्थ ज्यानं त्यानं समजून घ्यायचा. हे ओट्यावर बसून तो चेंडू दाबत राहतात आणि चेंडू होता तसाच राहतो. मला तिकडे बघवत नाही. जुड्या मी बांधते. मंडईत आता लोक आमच्या जुड्या उघडून बघतात. हे शेजारी उभे असतात, त्यांना दिसतं सगळं. एका शब्दानं कधी बोलले नाहीत. त्यापेक्षा दोन शिव्या दिल्या असत्या तर मी चार परत देऊन मोकळी झाले असते.

परवा पहाटे बांधावर बॅटरी ठेवून मी जुड्या बांधत होते. हे समोर बसले होते. त्यांनी मेथीच्या थोड्या काड्या उचलल्या आणि मुठीत धरायला बघितल्या. काड्या बोटांतून निसटून मातीत पडल्या. त्यांनी त्या वेचल्या, पुन्हा धरल्या, पुन्हा पडल्या. माझ्यानं राहवलं नाही.

"मोटार बंद होती," मी म्हटलं. "मले सगळं आयकू आलं होतं. नोको बी आयकलं म्या."

"माईत हाय मले."

"मंग दवाखान्यात हो काहून म्हणाले?"

"चार लोकांत तुले खोटं पाडू का?"

मला रडू फुटलं. रडतानाही मी आपली बाजूच मांडत होते, सवय जाते कुठे! "मले वाटलं तुमी रागानं खाली बसले. म्हणून हासली म्या. पडले हे माईत असतं तर हासली असती का?"

ते मातीतल्या काड्या डाव्या हातानं गोळा करत होते. माझ्याकडे न बघताच म्हणाले, "तू हासून राह्यली होती, तवा मी तुले हाका मारत होतो. थ्या मात्र तुले खरंच आयकू नाही आल्या."