सुनीतीबाईंची झील

इंग्लंडमधल्या स्लाऊच्या समता गायन मंडळात सुनीतीबाईंनी एकोणतीस वर्षं झील धरली. झील म्हणजे पुढच्यानं ओळ गायची आणि मागच्यांनी ती उचलून परत गायची. पुढे त्यांचे थोरले भाऊ दादासाहेब, आंबेडकर जयंतीला हॉल गाजवणारे; मागे सुनीतीबाई. फोटोत यांचा फार तर अर्धा खांदा यायचा. बाईंची गोदामातली नोकरी संपली तेव्हा मॅनेजरनं निदान एक कार्ड तरी हातात ठेवलं. झीलकरणीला कोण कार्ड देतो? पण बाईंची तक्रार नव्हती. खरं सांगायचं तर पुढे उभं राहायची त्यांना भीतीच वाटायची.

यंदा लीड्सच्या एका नावाजलेल्या सोल ग्रुपनं जोडीनं अल्बम करायला मंडळाला बोलावलं. सोल या कृष्णवर्णीयांच्या गाण्यातही एकानं हाक द्यायची, बाकीच्यांनी ओ द्यायची, त्यामुळे पहिल्याच दिवशी सूर जमले. भीमगीतामागे त्यांचा ऑर्गन असा भरून आला की दादासाहेबांचे डोळे पाणावले.

तिसऱ्या दिवशी दुपारी रेकॉर्डिंग संपलं आणि सगळे चहा घेऊन ऐकायला बसले. आवाज जुळवायचं काम स्टुडिओतल्या नकुलकडे होतं. मराठी घरातला, पण जन्म लीड्सचा. त्यानं वाद्यं बंद केली आणि दोनच आवाज चालू ठेवले, दादासाहेबांचा आणि सुनीतीबाईंचा.

"मावशी, समथिंग इज ऑफ," तो म्हणाला. "झील मागून येतो ना? तुमचा आवाज आधी येतो. एव्हरी सिंगल लाइन."

सुनीतीबाईंच्या पायाखालची जमीन सरकली. दोन वर्षांपासून दादा शब्द विसरत होते. पहिल्यांदा अडले तेव्हा बाईंनी घाबरून पुढचे शब्द मागून हळूच सोडले, दादांनी ते झेलले, आणि तीच रीत पडली. वहिनींनासुद्धा त्यांनी सांगितलं नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची. ढोलकीच्या गजरात कुणाला काय कळणार होतं? पण प्रत्येकाच्या तोंडासमोर वेगळा माईक लावणारी ही चहाडखोर खोली त्यांना माहीत नव्हती.

"माझंच चुकलं," त्या घाईघाईनं म्हणाल्या. "वय झालं, टायमिंग जातं. मला मागे सरकवता येईल ना?"

"इझी. कोणाला कळणार पण नाही."

"थांब," दादासाहेब म्हणाले. "परत लाव."

नकुलनं परत लावलं. आधी बहिणीचा शब्द यायचा, मग तोच शब्द चाचपत दादासाहेबांचा. प्रत्येक ओळीला तसंच. आपल्याला अजून दोनशे गाणी तोंडपाठ आहेत असं दादासाहेब कालच लीड्सवाल्यांना सांगत होते, आणि त्यांना ते खरंच वाटत होतं. लीड्सवाल्यांना मराठी येत नव्हतं, तरी त्यांनी कप खाली ठेवले.

"सुनी, कधीपासून?"

"दोन वर्षं झाली, दादा." बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

नकुलनं चाचरत विचारलं, "मग मावशीला मागे घेऊ का?"

"तिला हलवू नकोस," दादासाहेब म्हणाले. "ती बरोबर आहे. मला मागे घे. झील माझी आहे."